ताईच्या नाकाचा निकाल

पुस्तकबांधणीच्या दुकानात ताईच्या नाकाला मोठा मान होता. पुस्तक उघडून नुसतं हुंगलं, की कागदाला ओल लागली आहे की नाही ते ती सांगायची, आणि आजवर चुकली नव्हती. शाळा संपता संपता बाबांची नजर अधू झाली आणि दुकान तिच्या गळ्यात पडलं. "माझं कॉलेज खळीच्या डब्यात बुडालं," असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची. हसू काही खरं नसायचं.

आता धाकटीची शाळा संपली होती. दोघी बहिणी दोन विद्यापीठं पाहून आल्या. जवळचं म्हणजे घरून डबा नेण्यासारखं. प्रयोगशाळेत चौघांत मिळून एक सूक्ष्मदर्शक, ग्रंथालयाच्या कपाटांना कुलपं. लांबचं मात्र बघतच राहावं असं. उघडी कपाटं, खिडकीशी एकेकट्याचं टेबल, वसतिगृहात प्रत्येकीला स्वतःची खोली. ताई एका टेबलाशी जरा बसली आणि तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते घरी आलं तरी थांबेना. परतताना धाकटीची टकळी चालू होती. तिचं तोंड जाड दोऱ्याने शिवून टाकावं, असं ताईला वाटत होतं.

रविवारी दुकानात धाकटीने कागदावर दोन रकाने आखले. लांबच्याचा रकाना भराभर भरत गेला.

"ग्रंथालय राहिलं. ताई, तू पुस्तकं हुंगलीस ना तिथली?"

"ओल आहे," ताई म्हणाली. "वसतिगृहातसुद्धा. तुझ्या दम्याला झेपायचं नाही."

धाकटीने उलट एक शब्द विचारला नाही. डॉक्टरांवर नसेल एवढा तिचा त्या नाकावर भरवसा. लांबच्यावर काट मारून तिने जवळच्याचा अर्ज पुढे ओढला. डोळे भरले होते, पण कुरकुर नाही.

"बरं झालं तू सोबत होतीस," एवढंच म्हणाली.

आता तरी बरं वाटेल, अशी ताईची समजूत होती. कसलं काय! तिला मान वर करवेना.

"थांब. ओल नाहीये. सगळं खडखडीत कोरडं आहे."

"मग खोटं का बोललीस?"

"मला बसायचं होतं गं तिथं. मला."

धाकटी भांडली असती तर परवडलं असतं. तिने जवळच्याचा अर्ज फाडला, लांबच्याचा काढला आणि जन्मात पहिल्यांदा, ताईला काहीएक न विचारता, भरायला घेतला.