न सुटणारा पाचवा नट

आप्पा, माझे वडील, पुढच्या सीटवर बसले होते आणि माझी भावजय गाडी चालवत होती. मी मागे, मांडीवर मिठाईचा खोका घेऊन. निफाडला मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. भावाला सुट्टी मिळाली नव्हती.

"कट छान मारलास," आप्पा म्हणाले. एका ट्रॅक्टरला तिनं ओलांडलं होतं, एवढंच.

आप्पांनी सगळा जन्म बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवला. दहावीनंतर मी त्यांच्यामागे लागले होते, मला गाडी शिकवा म्हणून. "बघू पुढे," म्हणाले. ते पुढे कधी आलंच नाही. भाऊ मात्र त्याच वर्षी शिकला. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही, मुलगाच तो. पण भावजय लग्न होऊन आली आणि वर्षभरात आप्पांनी तिला गाडी शिकवली, ते मात्र मला अजून सलतंय.

ओझरच्या पुढे मागचं चाक बसलं. भावजयीनं पदर खोचला आणि डिकीतून पाना काढला. मी मदतीला वाकले तर आप्पा म्हणाले, "तू सावलीत थांब. साडी खराब होईल."

तिचीही साडीच होती. पैठणी.

चार नट सुटले. पाचवा हलेना. कुठल्यातरी गॅरेजवाल्यानं तो मशीननं इतका आवळला होता की त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. पाना नुसता सटकत होता.

"जोर नको लावूस, हात सोलवटेल," आप्पा तिला म्हणाले. मग त्यांनी आपल्या जुन्या हत्यारांच्या पेटीतून गोटी-पान्याची एक पोकळ गोटी काढली, तोंड नटापेक्षा किंचित लहान. "ही ठोकून बसवायची. घट्ट बसली की पकड धरते." हातोडी त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं ठोकली, गोटी बसली. पण तिला लावलेला दांडा आखूड पडत होता, नट तसूभर फिरेना.

"लांब पाइप पाहिजे," आप्पा म्हणाले.

मी न विचारता शेजारच्या द्राक्षबागेत शिरले. तिथल्या शेतकऱ्याला सांगितलं. "पाइप हाय ना ताई, पण परत आणून द्या," तो म्हणाला. तो जड पाइप मी खांद्यावरून आणला, दांड्यावर चढवला आणि आप्पा काही बोलायच्या आत त्याच्या टोकावर दोन्ही हातांनी लोंबकळले. नुसती ताकद नव्हती ती, इतक्या वर्षांचा राग होता. कर्रकन आवाज झाला. नट सुटला आणि मी मातीत बसले.

भावजय खळखळून हसली. "ताई, कमाल केलीत!"

"एवढं येतं तर गाडी का नाही शिकलीस?" आप्पा म्हणाले.

"शिकवा म्हणाले होते मी. दहावीनंतर. तुम्ही बघू म्हणालात."

त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि तेच मला जास्त लागलं. त्यांनी स्टेपनी चढवली. मी पाइप परत देऊन आले. पुढचा सगळा रस्ता ते दोघं त्या नटाबद्दलच बोलत होते.

चार-पाच दिवसांनी आप्पांचा फोन आला. "रविवारी सकाळी ये. मैदानावर जाऊ. चपला नको, बूट घालून ये."

मी स्वयंपाकघरातच रडले. शाळेच्या पहिल्या दिवसाआधी पोर पुसते तसे बूट पुसून ठेवले. रविवारी मैदानावर गेल्यावर आप्पांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, क्लच कसा दाबायचा ते दाखवलं आणि सहज म्हणाले, "तीच मागे लागली होती, ताईंना शिकवा म्हणून. फार गुणाची पोर आहे."

मी क्लच सोडला. गाडी गचका खाऊन बंद पडली.

"हळू," आप्पा म्हणाले. "तिचंही पहिल्यांदा असंच झालं होतं."