रेकॉर्ड रूमची चावी

डांबरगोळ्यांचा वास आला की मला भांडुपच्या बँकेतली ती रेकॉर्ड रूम आठवते. मी तिथं कॉन्ट्रॅक्टवर साफसफाई आणि चहापाणी करायची, पोरगी पाच महिन्यांची, घरी सासूकडे, आणि दुपारी दूध दाटून ब्लाउज भिजायचा म्हणून मी जुन्या फायलींमागे लपून दूध पिळायची. एकदा मॅनेजर मॅडमनी पाहिलं, मला वाटलं गेली नोकरी, पण त्यांनी हात धरला, म्हणाल्या, "घाबरू नको गं, मी तुझी मोठी बहीण, कोणाला नाही सांगणार," आणि त्या खोलीची चावीच मला दिली, मी रडलेच. मग मोठे साहेब आले, स्टाफला खूश कसं ठेवायचं त्याची मीटिंग होती, मी चहा देत होते, तर मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं, दुधाचंपण. कॅशियर हसला, "म्हणजे आपल्याकडे डेअरीपण आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "याला म्हणतात लीडर, पण मॅडम, रेकॉर्ड रूमची चावी तुमच्याकडेच हवी हां." मॅडमनी हसतच हात पुढे केला, "दे गं चावी." मी दिली. आता मी दुसऱ्या ब्रँचला आहे, तिथं कोणी मायेनं विचारलं, काही त्रास आहे का गं, तर मी लगेच म्हणते, नाही मॅडम, मी खूश आहे.