नामंजूर रजेची चिठ्ठी

"आधी वाचून दाखवा, मग हसून दाखवा," हे मावशींचं ठरलेलं वाक्य. दूधवाल्यापासून सख्ख्या जावयापर्यंत कुणीही हसत कागद पुढे केला, की त्या हेच म्हणत.

मावशी धुलाईच्या कारखान्यात एकोणीस वर्षं घड्या घालत होत्या. वाफेनं भरलेल्या त्या लांबट खोलीत त्यांनी चादर झटकली की क्षणभर ढग उतरल्यासारखा वाटे. मग तोच ढग कोपऱ्याला कोपरा लावून गठ्ठ्यावर गुमान बसे. माणसांचे कोपरे मात्र जुळता जुळत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

एका सकाळी मालकानं सगळ्यांना जमवलं. "आजपासून तुम्ही कुणाचे नोकर नाही. प्रत्येक जण स्वतंत्र ठेकेदार! पगारातून कर कापणार नाही, सगळे पैसे हातात."

इस्त्रीवाल्यानं टाळीच वाजवली. "मावशी, शेठ झालात की!"

"मी शेठ, तर मग सकाळचा भोंगा कुणासाठी वाजतो रे?"

मालकानं हसत कराराचा कागद पुढे केला. मावशींनी ओळीवर बोट ठेवून सगळा कागद वाचला. "सही नाही केली तर?"

"दार उघडंच आहे, मावशी."

त्यांनी सही केली. संध्याकाळी लेकीला म्हणाल्या, "आज माझीच कुणीतरी घडी घातली बघ."

वर्षभरानं करखात्याची नोटीस आली. ठेकेदार म्हणून मावशींनी स्वतःचा हिस्सा तर भरायचाच, पण आधी मालक भरायचा तोही हिस्सा भरायचा, वर दंड. सहा महिन्यांची कमाई एका कागदात गडप. मालकानं हात वर केले. मावशींनी करखात्याकडे अर्ज ठोकला: मी ठेकेदार नाही, कामगार आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी मालकानं टेबलाटेबलावर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. "टेबल आपापलं आहे म्हणायचं. वाटेल तेव्हा येतो-जातो म्हणायचं." इस्त्रीवाल्यानं मान डोलावली आणि मावशींकडे असं पाहिलं, जणू घरात साप त्यांनीच सोडला होता.

दुपारी खात्याच्या बाई आल्या आणि थेट मालकाच्या खुर्चीत बसल्या. मावशींना ते खटकलं. खुर्ची त्याची, पंखा त्याचा. न्याय कुणाचा असणार?

"हे टेबल तुमचं?" बाईंनी विचारलं.

"माझं असतं तर एव्हाना पाय बदलले असते. चार वर्षं डुगडुगतंय."

"पण तुम्ही हव्या त्या दिवशी सुट्टी घेऊ शकता ना? तसं लिहून दिलंय यांनी."

मालक खिडकीबाहेर पाहू लागला. मावशींनी कमरेची पिशवी सोडली, घडी केलेली एक चिठ्ठी काढली, पण मुठीतच धरली. "आधी पावती लिहा. चिठ्ठी मिळाली म्हणून."

"माझ्यावरही विश्वास नाही?"

"तुम्हाला मी आजच बघतेय, बाई."

बाईंनी पावती लिहिली. मावशींनी ती दोनदा वाचली, मगच मूठ उघडली. धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी दोन दिवसांची रजा त्यांनी मागितली होती. तोंडी नकार त्या मानत नसत, म्हणून लेखी मागितला होता. आणि मालकानंही रुबाबात लाल शाईनं लिहिलं होतं, 'नामंजूर. चादरी थांबत नाहीत.' खाली सही, शिक्का. तारीख ठेकेदार झाल्यानंतर तीन महिन्यांची.

"ठेकेदाराची रजा तुम्ही कशी नाकारता?" बाईंनी मालकाला विचारलं. त्याला एकदम खोकला आला.

महिन्याभरानं निकाल आला. मावशी कामगारच, मालकाचा हिस्सा आणि दंड मालकानंच भरायचा. त्याच दिवशी मालक हसत नवे कागद घेऊन आला. "झालं गेलं विसरा. सगळे परत पगारावर. करा सह्या."

इस्त्रीवाल्यानं उभ्याउभ्याच सही ठोकली. मावशी तिसऱ्या पानापर्यंत पोचल्या. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मालकानं भरलेला कर पुढच्या पगारातून थोडा थोडा कापून घेतला जाईल.

त्यांनी ते वाक्य खोलीभर ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. मग त्या पानाची नीट चौघडी करून ती कमरेच्या पिशवीत ठेवली, बाकीचे कागद मालकाच्या हातात दिले आणि करखात्याच्या रस्त्याला लागल्या. इस्त्रीवाला दारात उभा राहून त्या वळणाआड जाईपर्यंत बघत होता. त्याच्या बोटांवर सहीची शाई अजून ओली होती.