सायलेन्सर गळत होता तेव्हा

हे गेले, त्यानंतरच्या हिवाळ्यात मी त्यांची गाडी चालवायला काढली. आमच्या लग्नाच्याही आधीची, गोल दिव्यांची गाडी. तिचा एकेक नट मूळचा आहे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. रविवारी दिवसभर तिच्याखाली पडलेले असायचे आणि जेवायला आले की अंगाला पेट्रोलचा, धुराचा वास यायचा.

म्हणूनच गाडीत तसा वास येऊ लागला तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. सकाळी तुकोगंजला ऑफिसला जाताना थंडीमुळे काचा चढवलेल्या असायच्या. पलासियाच्या सिग्नलला थांबले की डोकं जड व्हायचं, कपाळात ठणका लागायचा, आणि डाव्या सीटवर कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मान वळवली की कुणी नसायचं. पुन्हा समोर पाहिलं की असायचं. एक दिवस गिअर टाकताना स्वच्छ ऐकू आलं, "अगं, क्लच पूर्ण दाब."

मी घाबरले नाही. उलट रोज वाट पाहू लागले. त्यांच्याशी बोलू लागले, लेकीच्या कॉलेजबद्दल, बाथरूमच्या नळाबद्दल, आणि घरी कुणाला सांगता येत नव्हतं त्याबद्दल. ऑफिसात पोचले की मळमळायचं, कॉम्प्युटरवरची अक्षरं फिरायची. दुःखानंच होतंय सगळं, असं समजून मी गोळी घ्यायचे.

एकदा लेकीला घेऊन खजरान्याच्या गणपतीला निघाले. ती डाव्या सीटवर बसली तेव्हा क्षणभर मला नको वाटलं. देऊळ यायच्या आधीच तिनं गाडी थांबवायला लावली, दार उघडलं आणि उलटी केली. मग तोंड पुसत म्हणाली, "आई, गाडीत गॅस भरतोय. तुला कळत नाही का?"

ह्यांचा नेहमीचा मिस्त्री तिथून जवळच होता. त्यानं मागच्या नळीच्या तोंडाशी ओली चिंधी दाबून धरली आणि मला इंजिन चालू करायला सांगितलं. पुढून फुसफुस ऐकू आली. इंजिनाला पाइप जिथं जोडलेला असतो तिथलं गॅस्केट जळलं होतं, पाइपाची गंजून चाळणी झाली होती, आणि डाव्या सीटच्या पायाशी पत्र्याला भोक पडलं होतं. धूर तिथूनच आत येत होता.

तयार पाइप आणि नवा सायलेन्सर लगेच बसवून देतो, असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. ह्यांनी जपलेलं मला काही बदलायचं नव्हतं. शेवटी सडलेला तेवढाच तुकडा कापून त्याच जाडीचा जोडायचा, वेल्डिंग वरच्या बाजूनं घ्यायचं म्हणजे दिसणार नाही, आणि सायलेन्सर जुनाच ठेवायचा, असं ठरलं.

लेक पाण्याची बाटली आणायला गेली, तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "भिया, थोडासा लीक रहने दें तो?"

त्यानं हात पुसले.

"भाभीजी, इसमें थोड़ा नहीं होता."

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की धुरातला हा विषारी वायू डोक्यात गेला की माणसाला नसलेलं दिसतं, ऐकू येतं; वेळीच कळलं म्हणून वाचलात. मी मान हलवली.

गाडी घरी आली ती दिसायला होती तशीच. पहिल्याच सोमवारी पलासियाला थांबले असताना मी हाक मारली, "अहो." मग सिग्नल सुटला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले.

एका दुपारी अंगणात गाडी सुरू करून, काचा चढवून मी नुसतीच बसले. कपाळ ठणकतंय का, याची वाट पाहत. काही झालं नाही. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. तेवढ्यात लेक घरातून आली आणि शेजारी बसली. तिनं स्वतःच हात लांब करून चावी फिरवली. इंजिन थांबलं तेव्हा कळलं की ती धावत आली होती. तिला धाप लागली होती.