दारामागच्या खिळ्यावरचे शूज

लातूरच्या आमच्या भरती अकॅडमीत पोरींची एक रीत होती. पोलिसात लागलेली पोरगी जाताना आपले पळायचे शूज होस्टेलच्या दारामागच्या खिळ्याला अडकवून जायची. ते जिच्या हाती लागतील तिचं काम झालंच म्हणून समजा, असं सगळ्यांनी डोक्यात घेतलेलं. मी तर सगळ्यात जास्त. वयात बसायचं माझं ते शेवटचं वर्ष. या भरतीत नाव आलं नाही, तर खाकी विसरायची.

अकॅडमीतली आमची एक अक्का नांदेड पोलिसात रुजू व्हायला निघाली, त्या सकाळी मी ग्राउंडवरून पळतच खोलीवर आले. बघते तर काय, माझ्याच खोलीतली मैत्रीण, किल्लारीकडची, खाटेवर बसून अक्काचे शूज घालत होती. दोन वर्षं आम्ही एका ताटात जेवलेलो.

"काढ," मी म्हणाले.

"मला बरोबर बसलेत गं. पाच नंबर हाय. तुझा पाय सात नंबरचा, तू काय करतीस?"

"काढ म्हणलं ना!"

"न्हाई काढत, जा."

माझं डोकंच फिरलं. वेणी धरून तिला खाली ओढली. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. मी तिचं डोकं लोखंडी खाटेच्या पायावर आपटलं. एकदा नाही, दोनदा. भुवई फुटली, फरशीवर रक्त सांडलं. आणि मी कसली नालायक, तशात तिच्या पायातून शूज ओढत होते!

अकॅडमीचे सर फौजेतून आलेले. तिला टाके घालून आणलं आणि सगळ्यांसमोर मला इतकं झापलं की काय सांगू. "अगं येडे, शूज घ्यायचे तर संध्याकाळी, पाय फुगलेला असतो तेव्हा. उभं राहून बघायचे. बोटांच्या पुढं अंगठ्याएवढी जागा सुटली पाहिजे. तुझा पंजा बघ केवढा रुंद! यात पळतीस? डोंबल पळतीस!"

ऐकते कशाला? आतलं सोल ब्लेडनं कापून काढलं, मोजे फेकले आणि पाय कोंबला. आठ दिवसांत दोन नखं काळी पडली. एक लोंबत होतं, ते दात खाऊन उपटलं. दुखलं की मला मैत्रिणीचाच राग यायचा. ती कपाळाला पट्टी बांधून तिच्या जुन्या शूजवर पळत होती. जेवायला ताटही वेगळं घेत होती.

दोनच दिवसांनी नांदेडला भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळायची परीक्षा, निघालं. आठशे मीटर. पहिला राउंड दात आवळून मारला. दुसऱ्यात अंगठ्याचं नख तुटून मांसात घुसलं. पुढच्या पोरीला धरून पाडावं असं वाटलं, पण तिच्यापर्यंत पोचायला तर पाहिजे! साहेबांनी माझी वेळ वाचली आणि मला कळलं, संपलं सगळं.

कडेला बंदोबस्ताला नेमकी तीच अक्का होती, ट्रेनिंगला जायच्या आधी तिथं लावलेली. मी खाली बसून रक्तानं भरलेला बूट ओढत होते. ती धावत आली.

"हे कशाला घातलेस गं?"

"तुमचेच हायेत की. ह्यावरच लागलात ना तुम्ही?"

"छे! हे लई चावायचे. दोनदा घातले आणि सोडून दिले. ज्यावर भरतीत पळाले ते शूज माझ्यापाशी हायेत. पायाला बसलेले शूज कुणी खिळ्याला टांगून जातं का, बाई?"

बूट माझ्या हातातच होता. तिच्या तोंडावर हाणायला वर उचलला. तेवढ्यात स्पीकरवर मैत्रिणीच्या तुकडीचे चेस्ट नंबर पुकारले. ती माझ्या समोरून गेली. भुवईवरचे टाके घामानं लालभडक झालेले. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

तो बूट मी माझ्याच कपाळात हाणून घेतला. अक्कानं हात धरला, तरी हाणत राहिले. मैत्रीण तेव्हा पहिल्या वळणावर होती, सगळ्यांच्या पुढं.