तांदळावरचं नाव

सगळी गल्ली माझ्या सासूबाईंना अक्का म्हणायची. रडणाऱ्या बाईला त्या आधी पदर नीट करायला सांगत. काशीत आमच्या ब्रह्मा घाटावर कुणाकडे काही वाईट घडलं की अक्का सर्वांत आधी पोहोचत आणि म्हणत, "आधी पदर नीट कर, मग रड." माझा नवरा अपघातात गेला तेव्हा त्यांनी मलाही हेच सांगितलं. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. त्यांचा स्वतःचा पदर मात्र जमिनीवर लोळत होता, तो मी उचलला.

हट्टी इतक्या, की गल्लीतला सांडसुद्धा त्यांना वाट देई. लग्नात माझं नाव त्यांनीच बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आमच्यातली रीत. मी अकोल्याची वैशाली आणि नवऱ्यालाही तेच नाव आवडायचं. पण अक्कांचं म्हणणं, काशीत येणारी सून अन्नपूर्णाच हवी. त्यानं आधी नको म्हटलं, मग निमूट लिहिलं. पुढे आधार कार्डावर, त्याच्या ऑफिसच्या नोंदीत, सगळीकडे मी अन्नपूर्णा झाले. गुणपत्रिकांवर तेवढी वैशाली राहून गेली, आणि ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

नवरा नगर निगमात, म्हणजे इथल्या महापालिकेत, कारकून होता. त्याच्या जागी मला नोकरी मिळू शकत होती. घरात दुसरं कमावतं कुणी नव्हतं आणि लेक दुसरीत. मी अर्ज केला आणि तिथंच गाडं अडलं. मयताची बायको अन्नपूर्णा, तर बी. ए. झालेली बाई वैशाली. तिथले बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, दोन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाले, या बाया दोन की एक, ते आम्ही कसं ठरवायचं? मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. तेवढ्यानं भागेना. सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं साहेबांसमोर येऊन सांगायला हवं होतं, आणि शुक्रवारपर्यंत ते झालं नाही तर अर्ज फेटाळला जाणार होता.

हे अक्कांना सांगायची मला धास्ती होती. कसंही सांगितलं तरी चूक त्यांच्याच पदरात पडत होती. त्या भाजी निवडत ऐकत राहिल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी मात्र पंचगंगा घाटावर स्नान करून, नऊवारी नेसून दारात उभ्या. घाट आणि घर सोडून त्या कित्येक वर्षांत कुठं गेल्या नव्हत्या.

ऑफिसात आम्ही बाकावर बसून राहिलो. दुपार कलली. साहेब उठून गेले तर काय, एवढं एकच डोक्यात घोळत होतं. शेवटी आत बोलावलं. साहेबांनी अक्कांना विचारलं, यांचं खरं नाव काय? मला वाटलं, आता या हट्टानं अन्नपूर्णा म्हणणार आणि माझी पदवी माझी राहणार नाही.

"वैशाली," अक्का म्हणाल्या. "माँ-बाप ने जो रखा, वही असली है. अन्नपूर्णा हमारी ज़िद थी. बेटा मना कर रहा था, हम नहीं माने. गलती हमारी है साहब, बहू की नहीं."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

परतताना ई-रिक्षात मी विचारलं, "अक्का, तुमचं माहेरचं नाव काय?" कागदोपत्री त्या भागीरथीबाई.

"कुसुम," त्या म्हणाल्या. "त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही गं."

सोमवारी मी कामावर रुजू व्हायला निघाले. गल्लीच्या वळणाशी पोहोचले तोच मागून हाक आली, "वैशाली, डबा राहिला." लग्नानंतर त्यांच्या तोंडून आलेली ती या नावाची पहिली हाक. मग त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत मी वैशालीच राहिले.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. पंचगंगा घाटावर दहाव्याला अक्कांचा पुतण्या बसला होता, मी मागे उभी होते. गुरुजींनी नाव विचारलं. तो भागीरथी म्हणणार, तेवढ्यात मी म्हटलं, "कुसुम." गुरुजींना ऐकू गेलं नाही, माझा आवाजच फुटत नव्हता. मी आधी पदर नीट केला आणि नाव पुन्हा सांगितलं.