पाच पौंड जास्त हवा

माझं पोस्टिंग राजस्थानात होतं, वाळवंटातल्या एका ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये. मी एमटी हवालदार, म्हणजे गाड्यांची जबाबदारी माझी. गाव शहाद्याकडे, लोणखेड्याजवळ, घरचा ऊस आणि केळी. महिना मे होता.

रोज सकाळी पाचला गाड्यांची तपासणी व्हायची. तेल, पाणी, ब्रेक, टायर. टायरची हवा गाडी हलायच्या आधी, टायर गार असतानाच मोजायची, असा पक्का नियम. कारण साधं आहे. हवा तापली की फुगते. फुग्यात असेल तर फुगा मोठा होतो. टायरला तेवढं मोठं होता येत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. दुपारी डांबर तापतं, चालून चालून टायरही तापतो. त्या वाढीला जागा राहावी म्हणून सकाळचा आकडा बेताचा ठरवलेला असतो.

हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं. पण मी स्वतःला कोर्सपेक्षा शहाणा समजत होतो. आमच्याकडे उसाची ट्रॉली भरायची म्हटली की टायर दगडासारखे टणक करतात. लोड जास्त, तर हवा जास्त. लहानपणापासून तेच पाहिलेलं. पण ऊस थंडीत निघतो, आणि ट्रॉली कारखान्यापर्यंत रमतगमत जाते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या दिवशी थ्री टन ट्रकमध्ये जनरेटर आणि तंबू होते. लोड भरपूर. मी पुढच्या दोन्ही टायरांत पाच पौंड जास्त हवा भरली आणि रजिस्टरात नेहमीचा आकडा लिहिला.

ड्रायव्हर होता लान्स नाईक जयसिंग वसावे. तळोद्याच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. चारचौघांत तो मला साब म्हणायचा. दोघंच असलो की दादा म्हणायचा, आणि आम्ही अहिराणी बोलायचो. त्याने टायरवर बूट मारून पाहिला, मग हवा मोजायचं गेज लावलं.

“दादा, हवा जास्त व्हयनी. दुपारले फुगी. थोडी काढी टाकू का?”

मी म्हणालो, “तुम्ही आमना ऊस तोडाले येतस. टायर आम्ही भरतस. माले शिकाडू नको.”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितो आहे. त्याचे आईवडील खरंच ऊसतोडीला यायचे, आणि ते मला माहीत होतं. जयसिंगने गेज पुसून जागेवर ठेवलं.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. रस्ता वाळूपासून पुरुषभर उंच. उजवीकडचा पुढचा टायर फुटला. गाडी उजवीकडे ओढली गेली, जयसिंगने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, पण लोडसकट गाडी खाली उलटली. माझं गळ्याचं हाड मोडलं. मागच्या गाडीतून वायरलेसवर आवाज गेला, “टायर बर्स्ट. गाडी पलट गई. दो कैज़ुअल्टी, एक सीरियस.”

ॲम्ब्युलन्स यायच्या आधीच जयसिंग गेला.

चौकशीत मेजरसाहेबांनी मला दोनच प्रश्न विचारले.

“हवा किती होती?”

“रजिस्टरप्रमाणे, साहेब.”

“वेग?”

“अंदाजे साठ, साहेब.”

वेग चाळीस होता, ठरवून दिलेला तेवढाच. काटा माझ्या डोळ्यांसमोर होता. कुणी मला धमकावलं नव्हतं. माझी बढती जवळ आली होती, एवढंच. कागदावर ड्रायव्हरचा अतिवेग असं आलं, आणि तो कागद त्याच्या पाड्यावर वाचून दाखवला गेला. मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. गावात माझा सत्कार झाला. गळ्यात हार घालून मी त्या खुर्चीवर बसलो, याची लाज मला आजही वाटते.

मागच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तळोद्याहून जीपने वर गेलो. शहादा ते तळोदा वाट ती किती! पण ती धरायला मला अकरा वर्षं लागली. जयसिंगची आई दारात टोपलीत मोहाची फुलं निवडत होती. मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. हवा, रजिस्टर, वेग आणि ते उसाचं वाक्यसुद्धा. ऊसतोडीच्या हंगामांत ती अहिराणी शिकलेली होती, तिला शब्दन् शब्द समजला.

ती निवडायची थांबली नाही.

“माले म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “मन्हा पोऱ्या बैलले बी पयाडे नहीं, गाडी काय पयाडी!”

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“त्याना बाप लोकेसना टोमणा ऐकी ऐकी मरी गया. तू इतला वरीस कोठे व्हता?”

आता बटालियनला मी लेखी कळवलं आहे आणि इथेही लिहितो: लान्स नाईक जयसिंग वसावे गाडी चाळीसच्या वेगाने चालवत होता. टायरमध्ये हवा मी भरली होती.